चाळिशीतला पहिला नमस्कार

आमच्या मागच्या पडवीत व्यायामाची एक सायकल आहे. चार वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेली. पहिले आठ दिवस मी ती रोज चालवली. नवव्या दिवशी पाहुणे आले, दहाव्या दिवशी मुलीची परीक्षा, आणि मग तिच्यावर ओले टॉवेल वाळायला लागले. हप्ते मात्र दीड वर्ष चालले. आमच्या जाऊबाई अजूनही त्या सायकलीला कपड्यांची सायकल म्हणतात आणि मला हसण्यावारी न्यावं लागतं.

मैत्रिणींनो, हे सगळं सांगायला मला जरा लाजच वाटते. कारण बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवात, शाळेच्या पालक सभेत बायकांनी स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष द्यावं असं सगळ्यांना सांगत फिरणारी बाई मीच. दोन वर्षांपूर्वी आम्ही समाजमंदिरात रक्त तपासणीचं शिबिर घेतलं. बायका संकोचत होत्या म्हणून आधी मीच बोट पुढं केलं. माझी साखर अगदी काठावर निघाली. डॉक्टरांनी कागदावर गोळी लिहिली नाही, फक्त व्यायाम हा शब्द लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्या रात्री मला आई आठवली. साखरेनं तिची नजर गेली होती. शेवटची सहा वर्षं ती भाजी हातानं चाचपून निवडायची. आयुष्यभर ती एका जागी बसली नाही, दिवसभर राबली. पण स्वतःसाठी म्हणून अर्धा तास तिनं कधी काढला नाही, आणि तो काढायचा असतो असं तिला कुणी सांगितलंही नाही. मला तर सगळे सांगत होते. मला कळतही होतं. तरी सकाळी गजर झाला की हात आपोआप तो बंद करायचा.

अशात आमच्या गटाची सहल साताऱ्याकडच्या औंधला गेली. यमाईचं दर्शन, ओटी भरणं आणि डोंगरावरचं वस्तुसंग्रहालय बघणं असा बेत होता. पायऱ्या चढताना मी तीनदा बसले. साठीच्या दोघी माझ्यापुढं निघून गेल्या. आमच्याबरोबर शाळेतल्या एक निवृत्त बाई होत्या. मी धापा टाकत बसलेली बघून त्यांनी सहज सांगितलं, की ज्यांनी हे संग्रहालय उभारलं ते औंधचे राजेसाहेब सूर्यनमस्कारांचे मोठे प्रचारक होते आणि त्यांनी स्वतः नमस्कार सुरू केले ते चाळिशीच्या उंबरठ्यावर. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. ते ऐकून मी दम लागायचा विसरले बघा. परत आल्यावर वाचनालयातून त्यांच्याविषयी मिळेल ते वाचलं. तेच आज तुम्हाला सांगायचंय.

त्यांचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. जन्म १८६८ सालचा. औंध हे तसं छोटंसं संस्थान. अवघी बहात्तर गावं, आणि तीही एका जागी नाहीत. औंध इथं, आटपाडी तिकडं, कुंडल आणखी तिसरीकडं, अशी विखुरलेली. मुलूख बराचसा दुष्काळी. पुढं मोठं राज्य मिळावं असं काही त्यात नव्हतं. शिवाय बाळासाहेब थोरले पुत्रही नव्हते, त्यामुळं गादी आपल्याकडं येईल हेही नक्की नव्हतं. त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिक्षण घेतलं, बी.ए. झाले. चित्रं काढण्याचा त्यांना भारी नाद होता. कीर्तनाचाही तितकाच. राजघराण्यातला माणूस स्वतः कीर्तनाला उभा राहतोय हे लोकांना नवलाचं वाटे, पण त्यांना त्यात कमीपणा कधी वाटला नाही.

आता व्यायामाचं. तुम्हाला वाटेल राजाच तो, जन्मापासून पैलवान असेल. तसं काही नव्हतं. विशी उलटल्यावर आपल्यासारखंच त्यांनाही शरीराकडं मुद्दाम लक्ष द्यावं लागलं. त्या काळात युरोपात सँडो नावाच्या कसरतपटूचं फार नाव झालं होतं. पिळदार शरीराची त्याची छायाचित्रं आपल्याकडंही पोचली होती. आज पुरुष बिनबाह्यांचा जो बनियन घालतात त्याला आपण सँडो बनियन म्हणतो ना, तोच हा सँडो. १८९७ साली बाळासाहेबांनी त्याची पुस्तकं आणि व्यायामाची साधनं मागवली. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. म्हणजे त्यांनीही आपल्यासारखंच साधन विकत घेऊनच सुरुवात केली! फरक एवढाच, की माझ्या सायकलीवर नवव्या दिवशी टॉवेल पडला आणि त्यांनी ती साधनं जवळजवळ दहा वर्षं नेमानं वापरली. छाती भरली, दंड कमावले गेले.

मग १९०८ च्या सुमारास मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांनी त्यांना सूर्यनमस्कारांची गोडी लावली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. एवढा शिकलेला, दहा वर्षं व्यायाम केलेला माणूस, पण नवीन वाट धरली ती एका परिचिताच्या सांगण्यावरून. कुठलंही पुस्तक वाचून जे होत नाही ते एखाद्या ओळखीच्या माणसाच्या आग्रहानं होतं. शेजारीण चल म्हणाली की आपण चपला घालतो, तसंच हे. बाळासाहेबांनी सँडोची साधनं बाजूला ठेवली आणि नमस्कार धरले ते अखेरपर्यंत.

सूर्यनमस्कार त्यांनी शोधून काढले असं मात्र नाही बरं. आपल्याकडं सूर्याला नमस्कार घालायची रीत फार जुनी. समर्थ रामदासांच्या परंपरेतही त्यांचं नाव घेतलं जातं. घरोघरचे आजोबा रथसप्तमीला नमस्कार घालायचे हे आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिलेलं असेल. पण तो बराचसा उपासनेचा भाग होता. बाळासाहेबांनी त्यातला व्यायाम नीट मांडला. कुठल्या स्थितीत हात कुठं, पाय कुठं, श्वास कधी घ्यायचा, कधी सोडायचा, हे ठरवून दिलं. सूर्याची नावं आणि बीजमंत्र त्यांनी सोडले नाहीत. मोठ्यानं मंत्र म्हणण्यानंही शरीराला फायदा होतो अशी त्यांची श्रद्धा होती. पण म्हातारे, तरुण, पोरंसोरं, बायका, पुरुष अशा सगळ्यांना रोज करता येईल असा व्यायाम म्हणूनच त्यांनी तो लोकांपुढं ठेवला.

आज शाळेत बारा स्थितींचा नमस्कार शिकवतात. बाळासाहेबांनी दहा स्थिती सांगितल्या होत्या. ताठ उभं राहून हात जोडायचे. मग वाकून तळवे जमिनीला टेकायचे. एक पाय मागं, मग दुसरा पाय मागं. नंतर साष्टांग, म्हणजे दोन्ही पावलांचे चवडे, दोन्ही गुडघे, दोन्ही हात, छाती आणि कपाळ जमिनीला. मग छाती उचलून मान वर, मग कंबर उचलून अंगाची कमान, आणि आल्या वाटेनं परत उभं. तळवे एकदा टेकले की मधे हलवायचे नाहीत. हे वाचायला लांबलचक वाटतं, पण करायला मिनिटभरसुद्धा लागत नाही. आणि लागतं काय? अंथरायला एक सतरंजी आणि आपण आडवं होऊ शकू एवढी जागा. त्यांच्याकडं वाडा होता, पैसा होता, हवी ती साधनं साता समुद्रापलीकडून येऊ शकत होती. तरी त्यांनी निवडलं काय, तर ज्याला एक पैसाही लागत नाही असं. मला वाटतं, म्हणूनच ते टिकलं. साधन बिघडलं, पाऊस आला, रस्त्यावर कुत्री आहेत, बूट फाटले, यातली एकही सबब नमस्काराला चालत नाही.

नमस्कार सुरू केले त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०९ साली, इंग्रज सरकारनं त्यांच्या पुतण्याला गादीवरून दूर केलं आणि बाळासाहेब औंधचे राजे झाले. म्हणजे अंगावर जबाबदारी आली. आपलं कसं असतं बघा, घरात लग्न निघालं, सासूबाई आजारी पडल्या, मुलाची दहावी आली, की पहिला बळी जातो तो आपल्या फिरण्याचा. सगळं मार्गी लागलं की करू, असं आपण म्हणतो, आणि सगळं कधीच मार्गी लागत नाही. बाळासाहेबांवर अख्ख्या संस्थानाचा कारभार आला, तरी नमस्कार सुटले नाहीत. उलट पुढच्या काळात त्यांची संख्या शेकड्यांत गेली.

आणि कारभार नुसता नावाला नव्हता. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावची जागा सोडायची वेळ आली, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळची माळरानाची जमीन दिली, भांडवलालाही हात लावला. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मैत्रिणींनो, याच किर्लोस्करवाडीतून १९३० साली स्त्री मासिक निघालं. आपल्या आज्या-पणज्यांनी चुलीपुढं बसून जे वाचलं आणि ज्यातून पहिल्यांदा स्वतःविषयी विचार करायला त्या शिकल्या, त्याच्या मुळाशी कुठंतरी औंधच्या राजाची ही जमीन आहे. मला हे वाचून अंगावर काटा आला.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं ठरवलं, तेव्हा त्या प्रचंड कामासाठी एक लाख रुपयांचं वचन देणारे हेच. १९१८ सालचे एक लाख, आणि तेही बहात्तर गावांच्या राजाकडून! वेदांचे अभ्यासक पंडित सातवळेकर यांना औंधात आसरा मिळाला आणि त्यांचं स्वाध्याय मंडळ तिथं वाढलं. साने गुरुजी मुलगेपणी शिकायला औंधला येऊन राहिले होते. ग. दि. माडगूळकरही औंधच्याच शाळेत शिकले. बाळासाहेबांनी स्वतः रामायणाची चित्रं काढून चित्ररामायण छापलं. अजिंठ्यावर पुस्तक लिहिलं. १९३५ साली इंदूरला मराठी साहित्य संमेलन भरलं त्याचे ते अध्यक्ष होते. १९३८ साली डोंगरावर संग्रहालय उभं राहिलं. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकारानं दगडात घडवलेल्या आई आणि बाळापर्यंत कितीतरी वस्तू तिथं आहेत. एका खेड्याच्या डोंगरावर एवढं सगळं बघून आमच्या गटातल्या बायका थक्क झाल्या होत्या.

एवढ्या व्यापातही नमस्काराला वेळ कसा मिळायचा, असा प्रश्न मला पडला होता. वाचता वाचता माझी समजूत उलटी झाली. रोज सकाळी नमस्कार होत होते, म्हणूनच एवढी कामं झेपत असावीत. आपण व्यायामाला दिवसातून वजा होणारा वेळ समजतो. त्यांनी तो जमेच्या बाजूला धरला.

आता आपल्या दृष्टीनं सगळ्यात जवळची गोष्ट. बाळासाहेबांनी नमस्कार स्वतःपुरते ठेवले नाहीत. घरातून सुरुवात केली. राणीसाहेब नमस्कार घालत, मुलं घालत. संस्थानातल्या शाळांत मुलांना आणि मुलींनाही ते लावून दिले. त्या काळी मुलींना शाळेत घालायचीच मारामार होती. चारचौघींनी एकत्र जमून व्यायाम करायचा, ही तर पुष्कळ घरांत न पटणारी गोष्ट. तेव्हा राजवाड्यातली बाई स्वतः पदर खोचून नमस्कार घालते, हे किती मोठं पाऊल असेल! मुलंबाळं झालेल्या बायकांनीही व्यायाम सोडू नये, त्यांनाच त्याची अधिक गरज आहे, हे बाळासाहेब आवर्जून सांगत आणि लिहीत.

१९२८ साली सूर्यनमस्कारांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं. १९३६ साली ते राणीसाहेबांना घेऊन इंग्लंडला गेले. तिथं लुईस मॉर्गन नावाची एक वार्ताहर बाई त्यांना भेटली. अनेक मुलांची आई असलेल्या राणीसाहेबांचा तजेला बघून ती चकित झाली. तिनं लंडनच्या वर्तमानपत्रात त्यावर लिहिलं आणि वाचणाऱ्या इंग्रज बायकांना ते इतकं आवडलं, की १९३८ साली तिच्याच प्रस्तावनेसह बाळासाहेबांचं पुस्तक तिकडं पुन्हा निघालं, दहा स्थितींमधून आरोग्याकडं जाण्याचा मार्ग अशा अर्थाच्या नावानं. बघा, सूर्यनमस्कार विलायतेत पोचले त्यात एका बाईचं उदाहरण होतं आणि दुसऱ्या बाईची लेखणी. अलीकडं, २०१५ सालापासून, २१ जूनला जगभर योग दिवस होतो. त्या दिवशी मैदानात नमस्कार घातलेले दिसले की मला आता हमखास औंधच्या राणीसाहेब आठवतात. त्यांच्याविषयी फार कमी लिहिलं गेलंय, याचं वाईटही वाटतं.

याच सुमाराला बाळासाहेबांनी आणखी एक गोष्ट केली, जी भल्याभल्या संस्थानिकांना जमली नाही. आपल्या हातातली सत्ता त्यांनी आपण होऊन लोकांच्या हवाली केली. गांधीजींचा सल्ला घेऊन राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधात लोकांचं राज्य आलं. बाळासाहेबांचे पुत्र आप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडहून भारतात आलेले अभियंते त्यात पुढं होते. गावपंचायतींच्या हाती कारभार गेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची मोकळी वसाहत झाली, भिंती नसलेला तुरुंग. शांतारामबापूंचा दो आँखें बारह हाथ हा १९५७ सालचा सिनेमा त्यावरूनच सुचलेला. सत्तर वर्षांचा राजा सिंहासनाचा हक्क सोडतो, पण सकाळचा नमस्कार सोडत नाही! १९४८ साली औंध भारतात विलीन झालं. १९५१ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी बाळासाहेब गेले. पुढं परदेशात भारताचे राजदूत म्हणून नाव कमावलेल्या आप्पासाहेबांनीही सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं. म्हणजे वडिलांनी घरात लावलेली सवय मुलानं पुढं नेली.

हे सगळं मी गटाच्या बैठकीत मोठ्या उत्साहानं सांगितलं. सांगून झाल्यावर धुण्याभांड्याची कामं करणारी आमची एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, ताई, राजाचं काय सांगता, त्याला कुठं नळावर नंबर लावायचा होता. सगळ्या हसल्या, पण मी गप्प झाले. खरंच होतं ते. त्यांच्या वाड्यात पाणी भरायला माणसं होती, स्वयंपाकाला माणसं होती. आमच्याकडं नळाला एक दिवसाआड पहाटे साडेपाचला पाणी येतं. त्यानंतर दोन डबे, सासऱ्यांचा चहा आणि गोळ्या, दूध, केर, देवपूजा. यात नमस्कार बसवायचा कुठं? आणि दिवसभर राबणाऱ्या बाईला पुन्हा व्यायाम कर म्हणायचं, हा तिच्यावर अन्यायच नाही का?

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. एक तर घरकाम म्हणजे व्यायाम हे पुरतं खरं नाही. माझी आई त्याचा पुरावा आहे. घरकामात आपण वाकतो ते एकाच बाजूला, बसतो ते तासन्तास एकाच जागी, श्वासाकडं लक्ष नसतं आणि मनावर घाई असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान दीडशे मिनिटं दम थोडा वाढेल अशी हालचाल करायला सांगते. घरातलं भरभर चालण्याचं, ओझं उचलण्याचं काम त्यात थोडंफार मोजलं जातं, पण सगळं अंग ताणलं जाणं, पाठ सरळ होणं, हे त्यातून होत नाही. आणि दुसरं असं, की वेळ नाही हे खरं असलं तरी तो आपल्याला कुणी काढूनही देणार नाही. मी सासूबाईंना विचारलं, सहा वाजता अर्धा तास बाहेर गेले तर चालेल का? त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, जा, मी कणीक भिजवून ठेवते. दीड वर्ष मी सायकलीचे हप्ते भरले, पण हा एक प्रश्न कधी विचारला नव्हता.

मग आम्ही ठरवलं, सकाळचा हट्ट सोडायचा. संध्याकाळी सहा वाजता, दिवेलागणीच्या आधी, समाजमंदिरात जमायचं. दुपारचं जेवण उतरलेलं असतं, चहाबरोबर काही खायचं नाही एवढंच पथ्य. पहिल्या दिवशी अकरा जणी आल्या. शाळेतल्या त्या निवृत्त बाईंनी शिकवलं. प्रत्येकीनं फक्त तीन नमस्कार घालायचे. तिसऱ्यालाच माझे हात थरथरत होते. दर आठवड्याला एक वाढवायचा. ज्यांना मंत्र म्हणायचे त्यांनी म्हणावे, ज्यांना नको त्यांनी आकडे मोजावे. आमच्यातल्या दोघी आकडेच मोजतात आणि त्यांचा श्वास सगळ्यात लांब चालतो. साडी नेसूनही जमतं, पण आता बहुतेक जणी पंजाबी ड्रेसमध्ये येतात. सुरुवातीला दारातून डोकावणारी मुलं होती, एक-दोघांचे टोमणे होते. आठ-दहा दिवसांत त्यांनाच कंटाळा आला.

काही काळजी घ्यावी लागते, तीही सांगते. जिला रक्तदाब आहे, गुडघ्याचं किंवा मणक्याचं दुखणं आहे, पोटाचं ऑपरेशन झालंय किंवा दिवस गेलेत, तिनं आधी डॉक्टरांना विचारावं. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर व्यायामाची वेळही विचारून घ्यावी. गुडघा दुखणाऱ्या आमच्या एक काकू भिंतीला हात टेकून उभ्यानंच करता येईल तेवढं करतात. त्यांना तसं डॉक्टरांनीच सांगितलंय. आकड्यांची शर्यत लावायची नाही. बाळासाहेबांचे शेकड्यांचे नमस्कार वाचून आपण पहिल्याच दिवशी पन्नास घालायला गेलो, तर तिसऱ्या दिवशी अंथरुणावरून उठता येणार नाही आणि चौथ्या दिवशी सगळंच संपेल.

आणि हो, नेम मोडतो. मोडणारच. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा माझे सतरा दिवस बुडाले. पूर्वीची मी असते तर तिथंच सोडलं असतं, कारण एकदा खंड पडला की आता काय उपयोग असं मनात येतंच. पण अठराव्या दिवशी शेजारणीनं दारातून हाक मारली आणि मी गेले. पुन्हा तीनपासून सुरुवात केली. मला वाटतं, ज्याला आपण इच्छाशक्ती म्हणतो ती एकटीच्या मनातून फारशी उगवत नाही. राजाला मिरजेच्या पटवर्धनांनी हाक मारली, मला शेजारणीनं मारली. आणि शाळेतल्या मुलांवर सक्ती करता येते, आपल्यावर कोण करणार? आपली सक्ती म्हणजे आपल्यासाठी दारात थांबलेली मैत्रीण.

अकरा जणींतल्या आज सहा जणी उरल्यात. पाच जणी गळाल्या. कुणाच्या घरून नाही म्हणाले, कुणाची कामाची वेळ बदलली, कुणाला कंटाळा आला. त्यांना मी दोष देत नाही. माझे आता चोवीस नमस्कार होतात. साखर अजून काठावरच आहे, पण दोन वर्षांत काठ ओलांडून पलीकडं गेली नाही, आणि डॉक्टर म्हणतात हेही कमी नाही. नळावरच्या नंबराचा प्रश्न विचारणारी आमची मैत्रीण त्या सहांपैकी एक आहे. दिवसातला तेवढा अर्धा तास तिला कुणी काम सांगत नाही, म्हणून ती येते. मला तिचं हे कारण सगळ्यांपेक्षा मोठं वाटतं.

गेल्या नवरात्रात आम्ही पुन्हा औंधला गेलो. पायऱ्या चढताना मी एकदाच थांबले, तेही एका लेकुरवाळीची पिशवी धरायला. वर यमाईपुढं ओटी ठेवताना मी आईसाठी काही मागितलं नाही, ती आता नाही. माझ्या मुलीसाठी मागितलं. ती पुढच्या वर्षी सासरी जाईल. तिच्या रुखवतात काय काय ठेवायचं याची यादी घरात चालली आहे. त्या यादीत मी एक सतरंजी लिहिली आहे. भांडी काय, कुणीही देईल. पण रोज संध्याकाळी ती सतरंजी अंथरायची, आणि त्या अर्ध्या तासात कुणाची सून, कुणाची बायको नसायचं, हे तिला आईनंच सांगायला हवं. माझ्या आईला ते कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरात आडवं होण्याएवढी जागा नक्की असेल. आज तीनच घाला. आणि उद्या शेजारणीला हाक मारा.